ॲप हळू झालंय, पण अडलंय नेमकं कुठं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात जिनिंग, केळीचे व्यापारी, आडत दुकानं, पतसंस्था आणि सराफ यांच्यासाठी वेब ॲप बनवणारी आणि सांभाळणारी मंडळी आता गावोगाव आहेत. मीही त्यांतलाच. सीझन सुरू झाला की फोन वाजायला लागतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. उदाहरणं मुख्यतः मायएसक्यूएल या डेटाबेसची आहेत, कारण आपल्याकडे तेच जास्त दिसतं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये वेगळं काही होत असेल तिथे तसं सांगितलं आहे.

"भाऊ, ते गोल गोल फिरूनच राहिलं" असा फोन आला. पहिलं काय विचारू?

कोणाला, कुठल्या पानावर आणि किती वाजता, एवढं विचारा. या तीन उत्तरांत निम्मं काम होतं.

फक्त धडगावच्या केंद्रावरून तक्रार असेल आणि जळगावच्या ऑफिसात तेच पान झटक्यात उघडत असेल, तर डेटाबेसला हात लावू नका. तिथे नेटवर्क किंवा पानाचं वजन बघायचं. सगळ्यांना एकच पान हळू वाटत असेल, तर त्या पानामागच्या क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, बघायच्या. सगळ्यांना सगळंच हळू असेल, तर सर्व्हर, लॉक (एकाने ओळ धरून ठेवली म्हणून दुसऱ्याचं अडणं) किंवा रांग. आणि रोज ठरावीक वेळेलाच होत असेल तर त्या वेळेला दुसरं काय चालतं ते शोधा: बॅकअप, रात्रीचा रिपोर्ट, एखादा क्रॉन (ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम).

मग स्वतः ते पान उघडून ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब बघा. पहिला बाइट यायला लागलेला वेळ आणि बाकीचं उतरायला लागलेला वेळ तिथे वेगवेगळा दिसतो. पहिला बाइटच चार सेकंदांनी येत असेल तर दोष बहुतेक सर्व्हरकडे आहे. तो लगेच येऊन नंतर फोटो आणि स्क्रिप्ट उतरण्यात चार सेकंद जात असतील, तर डेटाबेसचा काही संबंध नाही.

सर्व्हर मोठा घेतला तर प्रश्न सुटेल ना?

कधी कधी सुटतो. बहुतेक वेळा महिनाभर सुटल्यासारखा वाटतो आणि मग पुन्हा डोकं वर काढतो. चार लाख ओळी चाळणारी क्वेरी दुप्पट वेगाच्या मशीनवर निम्म्या वेळात होईल, पण पुढच्या सीझनला ओळी आठ लाख झाल्या की पुन्हा तिथेच. आणि अडथळा लॉकचा असेल, तर सोळा कोअर घ्या की बत्तीस, थांबणारा थांबूनच राहणार. मालकाच्या खिशातून पैसे जायच्या आधी आपण एक दिवस मोजणीवर घालवणं हे मी आपलं कर्तव्य समजतो. मोजल्यावर सीपीयू खरोखर कामाने भरलेला दिसला, तर मोठा सर्व्हर अवश्य घ्या.

मोजायचं म्हणजे नेमकं काय मोजायचं?

एक रिक्वेस्ट पकडा आणि तिचा प्रवास शेवटपर्यंत बघा. प्रत्येक रिक्वेस्टमागे लॉगमध्ये चार आकडे लिहून ठेवा: एकूण वेळ, डेटाबेसमध्ये गेलेला वेळ, क्वेऱ्यांची संख्या, आणि बाहेरच्या सेवांची (एसएमएस, पेमेंट, ई-वे बिल) वाट बघण्यात गेलेला वेळ. कुठल्याही फ्रेमवर्कमध्ये हे वीस-पंचवीस ओळींचं काम आहे.

पान तीन सेकंद घेतंय आणि त्यातले डेटाबेसचे ०.२ सेकंदच आहेत, असं दिसलं तर इंडेक्स (ओळी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची) लावत बसण्यात अर्थ नाही. तो सगळा वेळ शून्यावर आणला तरी पान २.८ सेकंद घेणारच. साधं गणित आहे, पण ते न करता रात्र रात्र इंडेक्स लावत बसलेली मुलं मी पाहिली आहेत आणि मला त्यांच्या मेहनतीचं वाईट वाटतं.

सरासरीवर मात्र विसंबू नका. शंभर पावत्यांपैकी ९५ पावत्या ०.२ सेकंदात निघाल्या आणि पाच पावत्यांना दहा-दहा सेकंद लागले, तर सरासरी येते ०.६९ सेकंद. कागदावर छान दिसतं. पण त्या पाच वेळा काट्यावर गाडी उभी होती. म्हणून ९५ वा आणि ९९ वा पर्सेंटाइल बघायचा, म्हणजे ९५ आणि ९९ टक्के रिक्वेस्टी किती वेळाच्या आत झाल्या ते.

स्लो क्वेरी लॉग चालू केला, पण त्यात काहीच येत नाही. म्हणजे डेटाबेस ठीक आहे?

नाही. मायएसक्यूएलमध्ये हा लॉग मुळात बंद असतो, आणि चालू केला तरी "हळू" कशाला म्हणायचं याची मर्यादा १० सेकंद असते. वेब पानासाठी १० सेकंद म्हणजे फार झाले. ती मर्यादा अर्ध्या सेकंदावर आणा. गर्दीच्या वेळी तासभर शून्यावर ठेवली तर सगळ्याच क्वेऱ्या नोंदल्या जातात. फक्त डिस्कवर जागा आहे ना ते आधी बघा आणि नंतर मर्यादा आठवणीने परत वाढवा.

मग लॉग डोळ्यांनी वाचू नका, पर्कोना टूलकिटमधलं पीटी क्वेरी डायजेस्ट वापरा. ते एकसारख्या क्वेऱ्या एकत्र करून प्रत्येकीचा एकूण वेळ काढतं. हा एकूण वेळ महत्त्वाचा. महिन्याअखेरचा रिपोर्ट १२ सेकंद घेतो म्हणून सगळे त्याच्या मागे लागतात. पण ४० मिलिसेकंदांची एक किरकोळ क्वेरी दिवसातून ५०,००० वेळा चालत असेल, तर तिचे २,००० सेकंद होतात, म्हणजे तेहतीस मिनिटं. सर्व्हरला दमवणारी ती आहे. पोस्टग्रेसमध्ये हेच काम पीजी स्टॅट स्टेटमेंट्स हे एक्सटेन्शन करतं.

लॉगमधल्या प्रत्येक नोंदीत आणखी दोन आकडे असतात: किती ओळी तपासल्या आणि किती ओळी परत दिल्या. मी सगळ्यात आधी तेच वाचतो. चार लाख तपासून एक परत दिली असेल, तर पुढे विचारायचं काही राहत नाही.

इंडेक्स लावलाय, तरी क्वेरी हळूच आहे. असं कसं?

हा माझ्याकडे येणारा सगळ्यात जास्तीचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका जिनिंगमध्ये कापूस घेऊन शेतकरी आला की ऑपरेटर त्याचा मोबाइल नंबर टाकायचा आणि जुनं खातं उघडायचा. नोव्हेंबरात ते लगेच उघडत होतं. जानेवारीत सहा-सात सेकंद लागायला लागले. बाहेर ट्रॅक्टरची रांग, आत ऑपरेटर एंटर दाबून हाताची घडी घालून बसलेला. मोबाइलच्या कॉलमवर इंडेक्स होता, मी स्वतः पाहिला. एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते सांगणारी कमांड) चालवलं तर "टाइप"खाली "ऑल", म्हणजे सगळं टेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं जातंय. "पॉसिबल कीज"मध्ये इंडेक्सचं नाव होतं, पण "की"च्या खाली नल, म्हणजे प्रत्यक्षात एकही इंडेक्स वापरला नाही.

कारण एवढंच निघालं की मोबाइलचा कॉलम मजकुराचा होता आणि कोडमधून नंबर आकडा म्हणून जात होता, अवतरणचिन्हांशिवाय. मजकुराची तुलना आकड्याशी करायची म्हटल्यावर मायएसक्यूएल प्रत्येक ओळीतला मजकूर आधी आकड्यात बदलून बघतं, आणि मग मजकुराच्या क्रमाने लावलेला इंडेक्स त्याच्या कामाचा राहत नाही. कोडमध्ये तो आकडा मजकूर म्हणून पाठवला, एवढा एकच बदल. एक्सप्लेनमध्ये "ऑल"च्या जागी "रेफ" (इंडेक्समधून शोध) आलं आणि तपासलेल्या ओळी झाल्या दोन. पोस्टग्रेस असतं तर त्याने पहिल्याच दिवशी एरर दिली असती. तिथे मजकूर आणि पूर्णांक यांची अशी गुपचूप तुलना होत नाही.

याच जातीची आणखी कारणं आपल्याकडे नेहमी सापडतात. तारखेच्या कॉलमवर फंक्शन लावून "आजच्या पावत्या" काढणं हे एक. कॉलम फंक्शनमध्ये गुंडाळला की त्याचा साधा इंडेक्स निकामी. त्याऐवजी आजची तारीख सुरू होते तिथपासून उद्याची तारीख सुरू व्हायच्या आधीपर्यंत, अशी मर्यादा द्या. दुसरं, नावाच्या मध्ये-शेवटी "पाटील" शोधणं. लाइकमध्ये टक्क्याचं चिन्ह पुढे आलं की इंडेक्स चालत नाही, आणि चालला असता तरी खानदेशात पाटील, चौधरी, महाजन शोधून हाती हजारो ओळीच येणार. गाव आणि आडनाव वेगळ्या कॉलमांत ठेवा, दोन्हींचा मिळून एक इंडेक्स करा आणि ऑपरेटरला आधी गाव निवडायला लावा. गाव पहिलं, आडनाव दुसरं, हा क्रम लक्षात ठेवा: असा इंडेक्स फक्त आडनावाने शोधलं तर उपयोगी पडत नाही, डावीकडून सुरुवात करावी लागते.

तिसरं कारण मराठी डेटा ठेवणाऱ्यांना विशेष नडतं. जुनी टेबलं तीन बाइटांच्या यूटीएफ-८ मध्ये आणि नवी यूटीएफ-८-एमबी-४ मध्ये असतात, कारण मायएसक्यूएल ८.० पासून तेच डिफॉल्ट झालं. मजकुराच्या कॉलमवर या दोन टेबलांचा जॉइन केला, म्हणजे ती एकमेकांना जोडली, की एका बाजूचा मजकूर बदलून घ्यावा लागतो आणि त्या बाजूचा इंडेक्स बाजूला पडतो. सगळी टेबलं एकाच कॅरेक्टर सेटवर (अक्षरं साठवायच्या पद्धतीवर) आणा, कोलेशनही (अक्षरांच्या तुलनेचे नियम) एकच ठेवा.

म्हणून प्रत्येक कॉलमवर एक एक इंडेक्स लावू नका. नवी पावती टाकली की प्रत्येक इंडेक्स बदलावा लागतो, आणि सीझनमध्ये आपलं काम मुख्यतः नव्या पावत्या टाकण्याचंच असतं.

एक्सप्लेन आणि एक्सप्लेन ॲनलाइझ यांत फरक काय?

पहिलं अंदाज सांगतं, दुसरं क्वेरी खरोखर चालवून प्रत्येक पायरीला लागलेला वेळ आणि मिळालेल्या ओळी दाखवतं. मायएसक्यूएलमध्ये ते ८.०.१८ पासून आहे. अंदाज दहा ओळींचा आणि प्रत्यक्षात दोन लाख, असं दिसलं तर आकडेवारी शिळी झालीय. मागच्या सीझनचा डेटा एकदम भरल्यावर असं होतं, ॲनलाइझ टेबल चालवा. पोस्टग्रेसमध्ये डिलीट किंवा अपडेटवर एक्सप्लेन ॲनलाइझ लावताना जपून, ओळी खरंच जातात. आधी ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के किंवा रद्द होणारे बदल) उघडा, नंतर रोलबॅक करून ते रद्द करा.

एकही क्वेरी हळू नाही, तरी यादीचं पान सात-आठ सेकंद घेतं.

क्वेऱ्या मोजा. केळीच्या गाड्यांची यादी आहे समजा, पानावर २०० बिल्ट्या. एका क्वेरीने बिल्ट्या आणल्या, मग लूप फिरवून प्रत्येक बिल्टीच्या शेतकऱ्याचं नाव वेगळं आणलं. झाल्या २०१ क्वेऱ्या. प्रत्येक क्वेरी अर्ध्या मिलिसेकंदाची, म्हणून स्लो लॉगमध्ये एकही दिसणार नाही. ओआरएम (कोडमधून आपोआप क्वेऱ्या तयार करणारी लायब्ररी) वापरताना हे कळतसुद्धा नाही, कारण कोडमध्ये ते नुसतं "बिल्टीचा शेतकरी, शेतकऱ्याचं नाव" एवढंच दिसतं.

डेटाबेस त्याच मशीनवर असेपर्यंत हे खपून जातं. मग कोणी तरी डेटाबेस वेगळ्या ठिकाणी हलवतं आणि सगळं बसतं. ॲप मुंबईच्या डेटासेंटरमध्ये आणि डेटाबेस सिंगापूरला असेल, तर एका फेरीला पन्नास-साठ मिलिसेकंद जातात. २०१ फेऱ्या म्हणजे दहा-बारा सेकंद, आणि त्या वेळात दोन्हीकडचे सर्व्हर निवांत. शेतकरी एकाच जॉइनने आणा, किंवा सगळे आयडी गोळा करून दुसऱ्या एकाच क्वेरीने आणा. आणि ॲप व डेटाबेस एकाच गावात ठेवा, याला पर्याय नाही.

सीपीयू शांत, डिस्क शांत, तरी सगळं अडकलंय. आता?

मग कोणी तरी कोणाची तरी वाट बघतंय. दोन जागा बघा.

पहिली जागा पीएचपी-एफपीएम, म्हणजे पीएचपीच्या रिक्वेस्टी चालवणारा प्रोग्राम. त्याच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये एका वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची मर्यादा ५ असते. सहावी रिक्वेस्ट दारात उभी राहते आणि डेटाबेसला ती आलेली माहीतही नसते. मर्यादा गाठली की एफपीएम आपल्या लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहितं, फक्त तो लॉग कोणी उघडत नाही. मर्यादा वाढवताना एका प्रक्रियेला किती मेमरी लागते ते मोजा, नाही तर सर्व्हर स्वॅपवर (मेमरीऐवजी डिस्कवर) जाईल आणि आजार वाढेल.

दुसरी जागा लॉक. एका आडत दुकानाच्या ॲपमध्ये संध्याकाळी पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब) करताना बाकीच्यांच्या नोंदी थांबायच्या आणि बरोबर पन्नास सेकंदांनी एरर यायची. त्या "बरोबर पन्नास"नेच मला वाट दाखवली. इनोडीबीमध्ये (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन) ओळीच्या लॉकसाठी थांबायची मर्यादा मुळात ५० सेकंद असते. चालू प्रक्रियांची यादी काढली, इनोडीबी स्टेटस वाचलं, तर एक ट्रान्झॅक्शन उघडं होतं आणि काहीच करत नव्हतं. कोड बघितला तर ट्रान्झॅक्शन सुरू करून शेतकऱ्याची बाकी आणि हमाली-तोलाईचं खातं बदलायचं, मग त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एसएमएस पाठवायचा आणि शेवटी कमिट, म्हणजे बदल पक्के. त्या दिवशी एसएमएसची सेवा उत्तर द्यायला मिनिट-मिनिट घेत होती, आणि तेवढा वेळ हमाली-तोलाईच्या खात्याची ओळ धरून ठेवलेली. त्या खात्यात प्रत्येक पट्टीची नोंद पडते, म्हणून सगळे तिथेच अडले. आधी कमिट, मग एसएमएस, असा क्रम बदलला आणि ती तक्रार पुन्हा आली नाही.

अपडेटच्या अटीतल्या कॉलमवर इंडेक्स नसेल तर इनोडीबी वाटेत तपासलेल्या सगळ्याच ओळी लॉक करून ठेवतं, हेही ध्यानात असू द्या. म्हणजे एका शेतकऱ्याची बाकी बदलताना गावभराची खाती अडतात.

एरवी ठीक चालतं, फक्त आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आदल्या दिवशी बसतं. का?

आखाजीला सालदारांचे हिशेब होतात, जुने व्यवहार मिटतात, सराफांकडे झुंबड असते. गर्दी दुप्पट झाली तर वेळ दुप्पट व्हावा असं वाटतं, पण रांगेचं गणित तसं नसतं. वजनकाट्याचं बघा. एका गाडीला तीन मिनिटं, म्हणजे तासाला वीस गाड्या. तासाला दहा आल्या तर फारसं कोणी थांबत नाही. अठरा-एकोणीस आल्या की, काटा तोच, माणूस तोच, तरी रांग रस्त्यावर येते. कारण गाड्या मोजून तीन-तीन मिनिटांनी येत नाहीत, चार एकदम येतात.

सर्व्हरचंही तसंच. सेकंदाला २० रिक्वेस्ट येतात आणि प्रत्येकीला ०.२ सेकंद लागतो, तर एका वेळी आत सरासरी ४ असतात. एखाद्या क्वेरीमुळे तोच वेळ ३ सेकंद झाला तर आत ६० लागतील. प्रक्रिया ३० असतील तर निम्म्या बाहेर, आणि बाहेरचे लोक वैतागून रिफ्रेश मारतात तशी रांग आणखी वाढते. अशा वेळी मायएसक्यूएलची कनेक्शनची मर्यादा १५१ वरून ५०० करणं म्हणजे काटा एकच ठेवून आवारात जास्त गाड्या घेणं. एका गाडीचा वेळ कमी करा. जड रिपोर्ट त्या दिवशी बंद ठेवा किंवा रात्रीवर ढकला.

आमचा सर्व्हर जिनमध्येच आहे. दुपारीच हळू होतो, सकाळी बरा असतो.

हे फक्त आपल्याकडच्या माणसाला पटकन सुचेल. मार्चमध्ये असाच एक सर्व्हर बघायला गेलो होतो. दुपारी एक ते पाच हळू. क्वेऱ्या त्याच, तपासलेल्या ओळी तेवढ्याच, लॉक नाही, सकाळएवढंच काम आणि तरी सीपीयू शंभर टक्के. तापमान बघितलं तेव्हा उलगडलं: सीपीयू तापून स्वतःचा वेग कमी करत होता. कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये रुईचे तंतू बसून बसून गोधडीसारखा थर झालेला, पंखा फिरत होता पण हवा आत जायला जागाच नव्हती. ब्लोअर मारला, कॅबिनेट प्रेसच्या खोलीपासून लांब हलवलं, त्याच दुपारी वेग परत आला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा जिन बंद असली तरी सर्व्हरच्या खोलीची हवा बघा.

रेड कंट्रोलरची (अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डाची) बॅटरीही तपासा. ती मेली की बहुतेक कंट्रोलर सुरक्षिततेसाठी लिहिण्याची कॅश बंद करतात. मग वाचणं पहिल्यासारखं आणि फक्त नव्या नोंदी एकदम जड, असं विचित्र चित्र दिसतं. क्लाउडवर असाल तर टॉप या कमांडमध्ये "एसटी" हा आकडा बघा. तो सतत वर असेल तर तुमच्या वाट्याचा सीपीयू तुम्हाला मिळत नाहीये.

मेमरी किती द्यायची?

इनोडीबीचा बफर पूल, म्हणजे डेटा हाताशी ठेवायची मेमरी, मुळात १२८ एमबी असतो. १६ जीबीच्या सर्व्हरवर तो तसाच राहिलेला मी अनेकदा पाहिलाय. सर्व्हर फक्त डेटाबेससाठी असेल तर मेमरीच्या ८० टक्क्यांपर्यंत देता येतो. त्याच मशीनवर पीएचपीही असेल तर बरंच कमी. पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्सही मुळात १२८ एमबीच असतात, तिथे पाव मेमरीपासून सुरुवात करतात.

रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा प्रोग्राम) लावून सगळं कॅश केलं, म्हणजे तयार उत्तरं साठवून ठेवली, तर?

मूळ कारण सापडल्यावर लावा. आधी लावलं तर हळू क्वेरी झाकली जाते, आणि कॅश रिकामी झाली की सगळ्यात गर्दीच्या वेळी ती उघडी पडते. शेतकऱ्याची बाकी तर कॅशमधून दाखवूच नका, तो पैशांचा प्रश्न आहे. मायएसक्यूएलच्या स्वतःच्या क्वेरी कॅशच्या भरवशावर असाल तर ती २०१८ साली ८.० मधून काढून टाकली आहे.

आमच्याकडे टेस्टिंगला सगळं झकास चाललं होतं.

टेस्टिंगच्या टेबलात पाचशे ओळी असतील. तेवढ्या तर पूर्ण चाळल्या तरी क्षणात होतात. दोन-तीन सीझनचा डेटा भरा, एका वेळी वीस ऑपरेटर नोंदी करताहेत असं सोंग उभं करा आणि मग बघा.

तुमच्याकडे मदत मागताना काय पाठवू?

पानाचं नाव, तक्रारीची वेळ मिनिटासकट, त्या रिक्वेस्टचे वर सांगितलेले चार आकडे, क्वेरी आणि तिचं एक्सप्लेन, टेबलाची रचना इंडेक्ससकट, आणि त्या वेळचा चालू प्रक्रियांच्या यादीचा फोटो. शेतकऱ्यांची नावं, मोबाइल, बँक खाती झाकून पाठवा. आणि अडकलेलं असताना लगेच सर्व्हर रिस्टार्ट करू नका. आधी यादी काढून घ्या, रिस्टार्टनंतर ती परत मिळत नाही.